पिचरच्या विजयाची टक्केवारी कशी वाचायची: व्हाइटी फोर्डचे ०.६९० आणि त्याचे समकालीन

न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू) व्हाइटी फोर्ड १९५० साली पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, उतरला आणि १९६७ मध्ये थांबला. मधली १९५१ आणि १९५२ ही दोन वर्षं सैन्यात गेली. कारकिर्दीचा हिशेब २३६ विजय, १०६ पराभव. म्हणजे विजयाचं प्रमाण ०.६९०. विसाव्या शतकात दोनशेहून जास्त विजय मिळवलेल्या पिचरांमध्ये याहून वरचा आकडा कुणाचाच नाही.

मग फोर्ड त्या काळातला सर्वांत चांगला पिचर होता का? बेसबॉल नव्याने बघू लागलेल्या माणसाला हा आकडा बघून ‘हो, अर्थातच’ म्हणावंसं वाटतं. जरा जुना झालेला प्रेक्षक ‘यँकीजकडून खेळायचा तो, काय मोठंसं’ असं म्हणून विषय उडवून लावतो. दोघांनीही आकडेमोड केलेली नसते. ती कशी करायची ते इथे क्रमाने देतो. कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. आकडे ‘बेसबॉल रेफरन्स’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात: खेळाडूच्या पानावर त्याचे, संघाच्या पानावर संघाचे.

पायरी १: विजय कुणाच्या नावावर लागतो ते आधी समजून घ्या

शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्यांना पिचर म्हणजे कोण हे सांगायला नको. पण ‘सामना पिचरने जिंकला’ ही कल्पना क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना विचित्र वाटते. क्रिकेटमध्ये बोलरच्या नावावर विकेट लागतात, विजय लागत नाही. जवळचं काही शोधायचंच तर कर्णधाराच्या जिंकण्या-हरण्याचा हिशेब घ्या. संघ अकरा जणांचा आणि नोंद एकाच्या खात्यावर, हा त्यातला मामला इथेही आहे.

नियम थोडक्यात असा. सामना सुरू करणाऱ्या पिचरला, म्हणजे स्टार्टरला, विजय हवा असेल तर त्याने सामन्याच्या नऊपैकी किमान पाच इनिंग टाकायला हव्यात. तो बाहेर पडताना त्याचा संघ पुढे असायला हवा, आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. तो गेल्यावर बरोबरी झाली की त्याचा विजय गेला, मग संघ पुढे जिंको वा हरो. संघ जिंकलाच तर विजय नंतर आलेल्या एखाद्या रिलीव्हरला, म्हणजे बदली पिचरला, मिळतो. स्टार्टरने पाच इनिंग पुऱ्या केल्याच नाहीत आणि संघ मात्र पुढे राहून जिंकला, तर कोणत्या रिलीव्हरची कामगिरी सर्वांत परिणामकारक होती हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. पराभव कुणाचा? ज्या धावेमुळे विरोधी संघ कायमचा पुढे गेला, ती धाव ज्याच्या खात्यावर पडते त्याचा. यातही एक खोच आहे. पिचरने बेसवर ठेवलेला धावपटू तो गेल्यावर दुसऱ्याच्या चेंडूवर घरी आला, तरी धाव आधीच्याच्या खात्यावर जाते. डगआउटमध्ये बसल्याबसल्या पराभव पदरात पडू शकतो.

याचे परिणाम गमतीचे होतात. पाच इनिंगमध्ये सात धावा दिल्या पण आपल्या बॅटरांनी दहा काढल्या, तर विजय. आठ इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि आपल्यांनी शून्य, तर पराभव. ज्या सामन्यात त्याच्या नावावर विजयही नाही आणि पराभवही नाही, तो टक्केवारीत धरतच नाहीत. जे सामने धरतात त्यांना इंग्रजीत डिसिजन म्हणतात. आपण त्यांना ‘निकाल’ म्हणू. फोर्डचे निकाल २३६ अधिक १०६, म्हणजे ३४२.

पायरी २: भागाकार, आणि त्यातली एक नेहमीची चूक

विजय भागिले निकाल, झालं. नाव टक्केवारीचं असलं तरी आकडा शंभरावर मांडत नाहीत. दशांश चिन्हापुढे तीन अंक लिहितात आणि अमेरिकेत फोर्डच्या आकड्याला नुसतं ‘सिक्स नाइंटी’ म्हणतात. तुम्ही ६९ टक्के म्हणालात तरी गणित तेच, फक्त समोरचा क्षणभर गोंधळेल.

चूक होते ती वर्षावर्षाच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढताना. फोर्डने १९५० मध्ये ९ जिंकले, १ हरला: ०.९००. १९६१ मध्ये २५ जिंकले, ४ हरला: ०.८६२. दोन्हींची सरासरी ०.८८१ येते, पण खरं उत्तर ३४ विजय आणि ५ पराभव यांवरून काढायचं, आणि ते ०.८७२ आहे. कारकिर्दीचा आकडा नेहमी एकूण विजय आणि एकूण पराभवांवरूनच काढा.

पायरी ३: निकाल किती आहेत ते बघा

पिट्सबर्गचा रिलीव्हर एल्रॉय फेस १९५९ च्या मोसमात १८ विजय आणि १ पराभव घेऊन बसला. ०.९४७. त्याच फेसची सगळी कारकीर्द १०४ विजय, ९५ पराभव अशी आहे. एका मोसमातले वीसेक निकाल काहीही दाखवू शकतात.

यासाठी एक ढोबळ माप जवळ ठेवा. निकालांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि अर्ध्याला, म्हणजे ०.५ ला, त्याने भागा. जे उत्तर येईल तेवढा आकडा नुसत्या नशिबाने वर किंवा खाली सरकू शकतो. २० निकालांना हे उत्तर ०.११२ येतं, म्हणजे भलं मोठं. फोर्डच्या ३४२ ला ०.०२७. म्हणून कारकिर्दीच्या टक्केवारीत अर्थ असतो आणि अर्ध्या मोसमाच्या टक्केवारीवरून जूनमध्ये घातलेल्या वादात नसतो.

यँकीजचाच स्पड चँडलर फोर्डच्याही वर आहे: १०९ विजय, ४३ पराभव, ०.७१७. पण निकाल १५२ च. फोर्डच्या निम्मेही नाहीत. त्याला यादीतून काढून टाकावं असं मी म्हणत नाही, १९४३ मध्ये तो २० विजय आणि ४ पराभवांसह लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. फक्त त्याला फोर्डच्या शेजारी उभं करताना दोघांच्या निकालांची संख्याही लिहा.

पायरी ४: समकालीन निवडा

इथे घाई करू नका. सर्वाधिक गाजलेली यादी सगळ्या काळांतली असते, आणि ती बघायला मजा येते: लेफ्टी ग्रोव्ह ३०० विजय आणि १४१ पराभव (०.६८०), पेड्रो मार्टिनेझ २१९ आणि १०० (०.६८७), २०२५ मध्ये निवृत्त झालेला क्लेटन कर्शॉ २२३ आणि ९६ (०.६९९). पण या लोकांनी वेगवेगळे खेळ खेळले म्हटलं तरी चालेल. फोर्डचा समकालीन वॉरन स्पान याने ६६५ सामने सुरू केले आणि त्यांतले ३८२ स्वतःच संपवले. कर्शॉने उभ्या कारकिर्दीत २५ संपवले. आजचा स्टार्टर सहाव्या इनिंगला चेंडू रिलीव्हरच्या हातात देतो, त्याच्या सामन्याचा निकाल दुसरेच तिघे-चौघे लावतात. स्पान स्वतःचा निकाल स्वतः लावायचा. या दोघांच्या टक्केवाऱ्या एका रांगेत ठेवून काही कळत नाही.

म्हणून फोर्डसाठी पन्नास आणि साठच्या दशकातले, सामने सुरू करणारे, किमान अडीचशे निकालांचे पिचर घेऊ. विजय, पराभव, प्रमाण आणि ईआरए असा क्रम आहे. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांतून आलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा. जितका कमी तितका चांगला.

व्हाइटी फोर्ड: २३६–१०६, ०.६९०, ईआरए २.७५
सँडी कोफॅक्स: १६५–८७, ०.६५५, ईआरए २.७६
हुआन मारिचाल: २४३–१४२, ०.६३१, ईआरए २.८९
बॉब लेमन: २०७–१२८, ०.६१८, ईआरए ३.२३
वॉरन स्पान: ३६३–२४५, ०.५९७, ईआरए ३.०९
डॉन ड्रायस्डेल: २०९–१६६, ०.५५७, ईआरए २.९५
बिली पियर्स: २११–१६९, ०.५५५, ईआरए ३.२७
अर्ली विन: ३००–२४४, ०.५५१, ईआरए ३.५४
जिम बनिंग: २२४–१८४, ०.५४९, ईआरए ३.२७
रॉबिन रॉबर्ट्स: २८६–२४५, ०.५३९, ईआरए ३.४१

यादी वरून खाली वाचताना ड्रायस्डेलपाशी थांबा. ईआरए लेमनपेक्षा आणि स्पानपेक्षाही चांगला, आणि टक्केवारी मात्र बरीच खाली. म्हणजे टक्केवारीत पिचरच्या हातातलं नसलेलं काहीतरी मिसळलेलं आहे. ते बाजूला काढणं हाच या सगळ्या उद्योगाचा गाभा.

त्याआधी पायरी ३ चं माप लावून घ्या. फोर्ड आणि कोफॅक्स यांच्यातला फरक ०.०३५ आहे. कोफॅक्सच्या २५२ निकालांचं माप ०.०३१ येतं, फोर्डचं ०.०२७. दोघांचाही आकडा एवढा हलू शकतो, तेव्हा त्यांच्यातल्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही. फोर्ड आणि स्पान यांच्यातला ०.०९३ हा फरक मात्र नशिबाने पडण्याजोगा नाही. त्याचं कारण शोधावं लागेल.

पायरी ५: ‘त्याच्याशिवाय संघ’ ही तुलना करा

ही पायरी करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका; मला विचाराल तर टक्केवारीचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो.

बेसबॉलमध्ये स्टार्टर रोज खेळत नाही. चार-पाच जण पाळीपाळीने सामने सुरू करतात. त्यामुळे एक सोय आपसूक होते: तोच संघ, तेच बॅटर, तेच मैदान, पण पिचर दुसरा, असे शंभरावर सामने तुलनेला मिळतात. संघाच्या विजयांतून पिचरचे विजय वजा करा, पराभवांतून पराभव. जे उरेल त्याची टक्केवारी काढा. तिला पिचरच्या निकालांनी गुणा. सर्वसाधारण सहकाऱ्याने तितक्या निकालांत किती जिंकले असते ते कळतं. पिचरचे प्रत्यक्ष विजय त्याहून किती जास्त, ती त्याची कमाई.

फोर्डचं १९६१ घ्या. तोवर मॅनेजर केसी स्टेंगल त्याला जपून वापरत, बऱ्याचदा तगड्या संघांसाठी राखून ठेवत. नव्या मॅनेजरने, राल्फ हाउकने, त्याला ठरलेल्या पाळीने उतरवलं आणि त्याने ३९ सामने सुरू केले. २५ विजय, ४ पराभव, आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार. यँकीज त्या वर्षी १०९ जिंकले, ५३ हरले. फोर्ड वजा केला की ८४ आणि ४९ उरतात, ०.६३२. २९ निकालांना गुणलं की १८.३. फोर्डची कमाई ६.७ विजय. वाईट नाही, पण रॉजर मॅरिसच्या ६१ आणि मिकी मँटलच्या ५४ होम रनांचं ते वर्ष. त्या संघात कुणीही बरा पिचर अठरा जिंकला असता. शिवाय शेवटच्या इनिंगांत फोर्डची आघाडी राखायला लुइस अरोयो होता, २९ सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) घेतलेला.

आता स्टीव्ह कार्लटनचं १९७२. फिलाडेल्फिया फिलीज ५९ जिंकले आणि ९७ हरले, तळाचा संघ. त्यातले २७ विजय एकट्या कार्लटनचे, पराभव १०. त्याच्याशिवाय फिलीज ३२ आणि ८७, म्हणजे ०.२६९. ३७ निकालांना गुणलं तर दहाच्या आत. कमाई १७ विजयांची! कार्लटनची टक्केवारी ०.७३०, फोर्डच्या ०.८६२ पेक्षा बरीच खाली, आणि कमाई अडीचपट. हे गणित पहिल्यांदा हाताने करून बघाल तेव्हा उत्तर चुकलं असं वाटून पुन्हा कराल, कराच.

एका वर्षाचं झालं. कारकिर्दीचं करायचं तर प्रत्येक मोसमाचा वेगळा हिशेब मांडून बेरीज करणं योग्य, कारण संघ दरवर्षी तोच राहत नाही आणि पिचरचे निकालही दरवर्षी सारखे नसतात. पण अंदाजासाठी सरळ बेरीज चालते. फोर्ड खेळला त्या १६ मोसमांत यँकीज १,४८६ जिंकले, १,०२७ हरले. फोर्डशिवाय १,२५० आणि ९२१: ०.५७६. फोर्ड ०.६९०. दर निकालामागे ०.११४ जास्त, एकूण कमाई सुमारे ३९ विजय.

तेव्हा ‘यँकीजकडून खेळायचा म्हणून जिंकला’ हे म्हणणं निम्मं खरं. संघ दमदार होताच, पण फोर्ड त्या संघाच्याही बराच वर होता.

स्पानचा असाच हिशेब करा. १९४६ ते १९६४, ब्रेव्हज संघ, आधी बोस्टन आणि १९५३ पासून मिलवॉकी. संघाचे १,६१६ विजय, १,३३३ पराभव. त्यांत स्पानचे ३५६ आणि २२९. त्याच्याशिवाय संघ ०.५३३, तो ०.६०९. दर निकालामागे फरक ०.०७६ चा, फोर्डपेक्षा कमी. पण निकाल ५८५! एकूण कमाई सुमारे ४४ विजय, फोर्डपेक्षा जास्त.

दर निकालामागे विचाराल तर फोर्ड, एकूण विचाराल तर स्पान. वरच्या यादीतला ०.०९३ चा फरक इथे ०.०३८ वर आला. उरलेला दोन संघांमधला फरक होता. कुणाला श्रेष्ठ म्हणायचं ते तुम्ही कशाला जास्त किंमत देता त्यावर आहे. माझं मत स्पानच्या बाजूने झुकतं, कारण ५,२४३ इनिंग टाकणाऱ्याला ३,१७० इनिंग टाकणाऱ्यापेक्षा संघाने कितीतरी जास्त वेळा हाक मारलेली असते.

या पद्धतीचीही एक खोड आहे, ती लक्षात असू द्या. ‘त्याच्याशिवाय संघ’ यात त्या संघाचे बाकीचे पिचरही येतात. ते चांगले असले तर आपल्या माणसाची कमाई कमी दिसते. कोफॅक्सच्या बाबतीत उरलेल्या संघात ड्रायस्डेल आहे. १९७२ च्या कार्लटनच्या बाबतीत तसं कुणीच नव्हतं. दुसरं, फोर्डला मँटल आणि योगी बेरा यांना कधी चेंडू टाकावा लागला नाही. शिकागो व्हाइट सॉक्सच्या बिली पियर्सला तो वर्षानुवर्षं टाकावा लागला. १९५५ मध्ये पियर्सचा ईआरए १.९७ होता, फोर्डचा २.६३, विजय-पराभव मात्र पियर्सचे १५–१०, फोर्डचे १८–७.

पायरी ६: संघाने त्याच्यासाठी किती धावा काढल्या?

मागच्या पायरीत एक गृहीत धरलं होतं: संघाच्या बॅटरांनी सगळ्या पिचरांना सारखीच साथ दिली. तसं होतंच असं नाही. ह्यूस्टनच्या नोलन रायनचं १९८७ याचं टोकाचं उदाहरण आहे. ईआरए २.७६, लीगमध्ये सर्वांत कमी. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) २७०, लीगमध्ये सर्वांत जास्त. विजय ८, पराभव १६. संघ त्या वर्षी ७६–८६; रायनशिवाय ६८–७०. पायरी ५ लावली तर त्याची कमाई उणे ३.८ येते, म्हणजे लीगमधल्या सर्वांत कंजूस पिचरने संघाचं नुकसान केलं असा निष्कर्ष निघतो. तो उघडच खोटा आहे. त्याच्या सामन्यांत बॅटरांनी हात आखडला होता.

याला रन सपोर्ट म्हणतात, आणि ‘बेसबॉल रेफरन्स’वर पिचरच्या पानावर स्टार्टरांच्या तपशिलाच्या तक्त्यात तो मिळतो. मिळाल्यावर करायचं काय? मिळालेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याने रूढ केलेलं हे सूत्र आहे. समजा पिचर सामन्याला ३ धावा देतो. संघ ५ काढत असेल तर २५ भागिले ३४, म्हणजे ०.७३५. तोच संघ साडेतीन काढत असेल तर १२.२५ भागिले २१.२५, म्हणजे ०.५७६. पिचर तोच, चेंडू तेच, टक्केवारी एकदा फोर्डच्या वर आणि एकदा स्पानच्या खाली.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. रेड रफिंग नावाचा पिचर बोस्टन रेड सॉक्सकडून ३९ जिंकला आणि ९६ हरला. १९२८ मध्ये २५ पराभव, १९२९ मध्ये २२. बोस्टन त्या वर्षांत तळाला ठाण मांडून होतं. १९३० मध्ये त्याला यँकीजने घेतलं. तिथे २३१ विजय, १२४ पराभव. ०.२८९ चा माणूस ०.६५१ चा झाला. त्याची स्वतःची पिचिंगही न्यूयॉर्कला सुधारली हे खरं, पण एवढी उडी एकट्याच्या हातून होत नाही. १९६७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या दालनात, गेला. बोस्टनलाच राहिला असता तर त्याचं नाव आज किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

पायरी ७: ईआरए प्लसशी ताळा घ्या

ईआरएवर मैदानाचा आणि काळाचा परिणाम होतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर धावा कमी व्हायच्या, तर सगळी लीगच १९६८ मध्ये धावांना मोताद झाली होती. ते दुरुस्त करून लीगची सरासरी १०० धरली की ईआरए प्लस मिळतो. इथे आकडा जितका जास्त तितका चांगला. फोर्ड १३३, कोफॅक्स १३१, मारिचाल १२३, स्पान ११९, पियर्स ११९.

शेवटच्या दोघांकडे बघा. ईआरए प्लस सारखा आणि विजयाची टक्केवारी ०.५९७ विरुद्ध ०.५५५. फोर्ड मात्र इथेही सगळ्यांत वर आहे. म्हणजे त्याच्या ०.६९० ला यँकीजने फुगवलं असलं तरी क्रम बदललेला नाही.

कोफॅक्सच्या बाबतीत एक टीप. १९६० पर्यंत तो ३६–४० होता, म्हणजे जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला. पुढच्या सहा वर्षांत १२९–४७, ०.७३३. आणि मग हाताच्या दुखण्याने तिशीतच निवृत्ती. कारकिर्दीची टक्केवारी या दोन वेगळ्या माणसांची सरासरी आहे, आणि उतरत्या वर्षांचे पराभव तिच्यात नाहीतच. स्पान चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळत राहिला आणि शेवटच्या मोसमात ७–१६ करून बसला. तुलना करताना दोघांची ऐन भराची सलग सहा-सात वर्षं वेगळी काढून बघणं हा चांगला उपाय आहे.

पायरी ८: वर्ल्ड सिरीजचा हिशेब वेगळा ठेवा

नियमित मोसमाच्या आकड्यांत वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, धरत नाहीत. फोर्डने तिथे २२ सामने सुरू केले आणि १० जिंकले. वर्ल्ड सिरीजमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाचेच नाहीत. पण पराभवही ८ आहेत. प्रमाण ०.५५६. ईआरए किती? २.७१, नियमित मोसमापेक्षा किंचित चांगलाच. समोर रडतखडत खेळणारे संघ नव्हते, दुसऱ्या लीगचा विजेता होता, आणि त्याचा पिचरही फोर्डच्या तोडीचा असायचा. हातातली कला तीच राहून टक्केवारी कशी खाली येते हे बघायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. फक्त १८ निकालांवरून मोठा निष्कर्ष काढू नका; पायरी ३ चं माप इथे ०.११८ येतं.

पुरस्कार देणाऱ्यांनाही हे पचायला वेळ लागला. १९९० मध्ये ओकलंडचा बॉब वेल्च २७–६ होता, ईआरए २.९५. रॉजर क्लेमेन्स २१–६, ईआरए १.९३. साय यंग वेल्चला मिळाला. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझला तोच पुरस्कार १३ विजय आणि १२ पराभवांवर मिळाला, कारण ईआरए २.२७ होता आणि संघ १०१ सामने हरला होता. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला १० विजय आणि ९ पराभवांवर मिळाला, ईआरए १.७०. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि मेट्सच्या नादी लागलेल्या मराठी मित्रांना त्या उन्हाळ्याची आठवण करून देऊ नका.

सरावासाठी

कर्शॉचं २०१४ घ्या. २१ विजय, ३ पराभव. डॉजर्सचा संघ ९४ जिंकला, ६८ हरला. पायरी ५ करा. उत्तर ८.३ विजयांच्या आसपास यायला हवं, म्हणजे १९६१ च्या फोर्डपेक्षा जास्त. तुमचं उत्तर ७.१ च्या आसपास आलं असेल तर संघाच्या आकड्यांतून कर्शॉचे २४ निकाल वजा करायचे राहिले आहेत. ते जमलं की डीग्रॉमचं २०१८ करा: मेट्स ७७–८५. कमाई जेमतेम १.१ येईल, आणि मग तुम्हाला पायरी ६ कडे परत जावं लागेल.